आमची टाकी, अक्कांची मोरी

आमच्या खानावळीत आलेलं गिऱ्हाईक खुर्चीवर नीट टेकायच्या आधी वाटीत डोकावतं. तांबड्या रश्श्यावर कट आलाय की नाही, हे त्याला आधी बघायचं असतं. कट म्हणजे वर तरंगणारं लालभडक तेल आणि त्यात मिसळलेली मटणाची चरबी. तो पातळ दिसला की गिऱ्हाईक ओरडतं, "मालक, आज हात आखडलाय जणू!" मग मालक, म्हणजे माझे यजमान, आतून धावत येतात आणि त्याच्या वाटीत वरून आणखी कट घालतात. बरं, तो सगळा पितो म्हणावं तर तसंही नाही. निम्मा कट वाटीतच राहतो, कारण डॉक्टरनं हल्ली प्रत्येकालाच काही ना काही सांगून ठेवलेलं असतं. बघायला पाहिजे, प्यायला नको. मी गडहिंग्लजची. तिखट आम्हीही खातो, पण तेलाचा हा थाट लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावरच पाहिला.

हा उरलेला कट पुढं कुठं जातो, असा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडत नव्हता. तो भांड्यांबरोबर मोरीत जातो, आणि मोरीच्या जाळीखाली गेला की आपल्यापुरता संपला, असा यजमानांचा ठाम समज होता. मटणाची चरबी गरम असते तोवर पाण्यासारखी वाहते आणि गार झाली की जिथं असेल तिथं मेणासारखी बसते. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिळ्या मटणाचं पातेलं ज्यानं एकदा घासलंय त्याला ते कळतं. पण आमच्या यजमानांनी पातेलं कधी घासलेलं नाही. पाणी उताराला जातं एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यावर ते समाधानी होते.

आमच्या उताराला अक्का राहतात. आमच्या परसाला लागूनच त्यांचं परस, मधे डोक्याएवढी भिंत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या जैन बाई, त्यांचे यजमान वारल्यापासून एकट्या. मुलाचं जयसिंगपुरात दुकान आहे. तो 'चल, चल' म्हणून मागं लागतो, पण इथल्या बस्तीतलं, म्हणजे त्यांच्या मंदिरातलं, रोजचं दर्शन सुटेल म्हणून त्या जात नाहीत. परसातल्या आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय त्या तोंडाला लावत नाहीत. गाळल्यावर ते फडकं उलटं करून वरून पाणी ओततात आणि ते पाणी पुन्हा अलगद आडात सोडतात. फडक्यात अडकलेला, डोळ्यांना न दिसणारा एखादा जीवही आपल्या हातून मरू नये म्हणून. आणि अशा बाईच्या स्वयंपाकघराखालून आमच्या मटणाच्या चरबीची वाट जाते. गल्लीची लाईन आमच्या सगळ्यांच्या आधीची आहे. ती टाकणाऱ्यानं पुढं इथं मटणाची खानावळ निघेल असं धरलं नसणार.

यंदाच्या उन्हाळ्यात हॉटेल-खानावळवाल्यांना महापालिकेचा निरोप आला की प्रत्येकानं चरबी अडवायची टाकी बसवावी. टाकी म्हणजे स्टीलची पेटी, आत उभ्या पट्ट्या. मोरीचं पाणी त्यात येऊन थबकतं, चरबी वर तरंगते आणि खालचं पाणी तेवढं पुढं जातं. वर आलेला थर दोन-चार दिवसांनी काढून टाकायचा. काम एवढंच. यजमानांनी आधी खूप त्रागा केला. "इतकी वर्सं चाललंय की! कुणाचं काय बिघडलं?" पण टाकी आली, तिची ती चकाकी बघितली, आणि माणूस तिच्या प्रेमातच पडला. तिला हार घातला, नारळ फोडला. आल्यागेल्याला परसात नेऊन दाखवायचे, "एक नंबर टाकी हाय पावणं, असली पेठेत कुणाकडं न्हाय."

आमच्याकडं कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. चूल आणि गल्ला माझ्याकडं, बाजार आणि परस त्यांच्याकडं. तळणीचं जळकं तेल ते डब्यात इमानदारीनं साठवतात, कारण ते न्यायला गाडी येते, त्याचं डिझेल करतात आणि वर चार पैसे हातावर ठेवतात. "आपल्या तेलावर मोटारी पळत्यात," असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगतात. टाकीतला थर मात्र कुणी विकत नेत नाही. तो कधी काढता म्हणून मी अधूनमधून विचारायची. "टाकी झकास हाय, तू तुझी चूल बघ," हे उत्तर ठरलेलं असायचं. ते खोटं नव्हतं, टाकी झकासच होती.

श्रावणात आमची मटणाची चूल बंद असते. साधं जेवण देतो, निम्मी टेबलं रिकामी. मग गणपती बसतात, गौरी येतात, जेवतात, आणि घरचा गणपती गौरीबरोबर नदीला गेला की दुसऱ्या दिवशी अख्खं कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहतं. महिनाभर जेलमध्ये घातल्यासारखे चेहरे असतात एकेकाचे. आणि नेमकं याच दिवसांत जैनांचं दशलक्षण पर्व चालू असतं. भिंतीच्या अलीकडं आम्ही महिन्याचं वशाट, म्हणजे मटण-मासळी, एका दिवसात उरकायला बसतो आणि पलीकडं उपास चाललेले असतात. यंदा तर अक्कांनी दहाच्या दहा दिवसांचा उपास धरला होता. अन्न अजिबात नाही. दिवसातून एकदा फक्त पाणी, तेही अंघोळ करून, बस्तीत जाऊन आल्यावर, आपल्या हातानं गाळून, उकळून, आणि दिवस मावळायच्या आत. दिवस मावळला की मग थेट दुसऱ्या दिवशी. या वयात हे कशाला, असं मी त्यांना म्हणालेही होते. त्यांनी नुसतं हसून घेतलं.

तर गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळपासून चार शेगड्या पेटलेल्या, मटण शिजतंय, पहिली पातेली घासायला गेली, आणि मोरीतलं पाणी हलेना. महिनाभर पाईपात वाळत बसलेल्या थरावर आजची चरबी जाऊन बसली होती. मी म्हटलं, प्लंबरला बोलवा. यजमान म्हणाले, "प्लंबर कशाला? उकळतं पाणी मार, आत्ता मोकळं हुतंय." आणि त्यांनी मोठं पातेलंभर पाणी खळखळ उकळवलं, त्यात सोडा टाकला आणि दोन्ही हातांनी उचलून सगळं मोरीत ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, आतून एक ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि झरझर खाली गेलं. यजमानांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू पन्हाळा जिंकला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडनं हाक आली. "आगं, जरा येतीस काय?" अक्का कधी हाक मारत नाहीत. मी हात पुसत तशीच गेले.

अक्कांची मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच आहे, जुन्या घरांत असते तशी. अंघोळ तिथंच, भांडी तिथंच आणि पिण्याच्या पाण्याची घागर तिच्या कठड्याला टेकून. मोरी तुडुंब भरली होती. वर लाल तवंग, त्यात पांढरे गोळे, मधेच कांद्याची साल. कठडा ओलांडून ते पाणी फरशीवर आलं होतं आणि घागरीच्या बुडाला लागलं होतं. खोलीभर आमच्या रश्श्याचा वास. एरवी ज्या वासासाठी लोक गाड्या काढून येतात तोच हा वास. अक्का उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला धरून उभ्या होत्या. निम्मा उपास झालेला, चेहरा कागदासारखा. अंघोळ व्हायची होती, त्यामुळं बस्ती राहिलेली, आणि त्यामुळं पाणीही. आदल्या दुपारनंतर त्या बाईच्या घशाखाली थेंब गेला नव्हता.

"हे निघंल काय गं दिवस हाय तवर?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं निघेल, आणि धावत परसात येऊन आमच्या टाकीचं झाकण उचललं. आत बघते तर टाकी लख्ख! चरबी नाही, पाणी नाही, साधा डाग नाही. देवाची भांडी मीही इतकी लख्ख घासत नाही. मग बाजूला बघितलं. मोरीकडून आलेला पाईप टाकीपर्यंत येऊन तिला न शिवता वळसा घालून थेट पुढच्या लाईनला जोडलेला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आगं, वास मारत हुती ती," यजमान म्हणाले. "झाकण उघडलं की टेबलापर्यंत यायचा. त्यात तपासणीला कोण आलं आन आत घाण दिसली तर? म्हणून पाणी बाजूनं काढून दिलं. बघ की, अजून नवी कोरी हाय का न्हाय?"

तपासणीला तोवर कुणीही आलं नव्हतं. घाण अडवण्यासाठी घेतलेली टाकी घाण होऊ नये म्हणून या माणसानं घाणीलाच दुसरी वाट करून दिली होती, आणि वर तो माझ्याकडून शाबासकी मागत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार शेगड्यांवर मटण शिजत असताना जेवढं भांडता येतं तेवढं भांडले आणि प्लंबरला फोन लावला.

प्लंबर तीनदा 'आलोच' म्हणाला आणि दुपार कलल्यावर उगवला. तोवर पुढं रांग लागलेली. यजमान पळताहेत, "या पावणं, बसा की, गरम भाकरी येतीया," आणि मागं मोरीत पातेल्यांवर पातेली. मी बघितलं तर कामवालीचं भांडी घासणं बिनधास्त चालू! म्हणजे जे तुंबलंय त्यावर आणखी ओतणं चालू. मी नळ बंद केला आणि आज एकही भांडं घासायचं नाही म्हणून सांगितलं. यजमान म्हणाले, ताटं संपतील. संपू देत म्हटलं. तर त्यांनी कुठनं तरी पत्रावळ्या आणवल्या आणि लोकांना सांगू लागले की आज खास लग्नाच्या पंगतीसारखी बैठक आहे. लोक खूश झाले. या माणसाचं करायचं तरी काय?

मधेच त्यांना पाझर फुटला. दुकानातनं पाण्याची सीलबंद बाटली आणली, थंडगार, आणि भिंतीवरून अक्कांपुढं धरली. "घ्या अक्का, कंपनीचं पाणी हाय, एकदम शुद्ध." अक्कांनी हात जोडले आणि मान हलवली. यजमान मला हळूच म्हणाले, "पाण्यात कसला धर्म आलाय गं?" तासाभरापूर्वी याच माणसानं एका गिऱ्हाइकाला शपथेवर सांगितलं होतं की पांढरा रस्सा आमच्या मंडळीच्या हातचा नसेल तर तो पांढरा रस्साच नव्हे. रश्श्यात धर्म असतो, पाण्यात नसतो!

प्लंबरनं आल्या आल्या आमच्या मोरीतनं बांबूची लांब पट्टी आत सारायला घेतली. मी ओरडले, "अहो, इकडनं ढकललं की सगळं तिकडंच जाणार! तिकडनं ओढून काढा."

"वैनी, तिकडं चेंबर कुठं हाय?" म्हणून तो डोकं खाजवत बसला. चेंबर अक्कांच्या परसातल्या कपडे धुवायच्या दगडाखाली निघालं. तो दगड हलता हलेना. मग पहार शोधायला तो गेला तो चहा पिऊनच आला. मधल्या वेळात ही लाईन नक्की कुणाची, आमची की गल्लीची, यावर त्यानं आणि यजमानांनी एक चर्चासत्रही भरवून घेतलं. अक्का पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, ओठ णमोकार मंत्र म्हणत हलत होते. मी सारखी त्यांच्या भिंतीवरचं ऊन बघत होते. ते वर वर सरकत चाललं होतं आणि हे दोघे सामायिक लाईन म्हणजे काय ते एकमेकांना समजावत होते.

शेवटी दगड सरकला, झाकण निघालं. आतून चरबीच्या वड्या निघाल्या, कपडे धुवायच्या साबणाएवढ्या जाड, पांढऱ्या, कडेला लाल. बादल्यांवर बादल्या भरल्या. लाईन मोकळी झाली तशी अक्कांच्या मोरीतलं पाणी गुडगुड करत खाली गेलं. मी पदर खोचून आत शिरले, मोरी, कठडा, फरशी सोड्यानं तीनदा घासली. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, आता मी पाणी मारते," आणि खरोखरच भिंत धरत उठल्या. अंघोळ केली. घागर घासली, आडाचं पाणी शेंदलं. मला हात लावू देईनात, मी नुसती दारात उभी. बस्तीत जाण्याएवढं बळ नव्हतं, म्हणून घरातल्या देवापुढंच हात जोडले. फडकं दुहेरी केलं, पाणी गाळलं, पातेलं शेगडीवर ठेवलं. बाहेर उजेड होता, पण ऊन भिंतीवरून गेलं होतं.

पाण्याला नुसते बारीक बुडबुडे धरले होते. अक्कांनी मागच्या दारातून आभाळाकडं बघितलं, शेगडी बंद केली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अक्का, झालंच होतं की. अजून उजेड आहे."

"उजेड हाय, दिवस न्हाय," त्या म्हणाल्या. "आता उद्या."

मला रडूच आलं. मी तोंडातल्या तोंडात माफी वगैरे मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. खाली बसल्या, दम घेतला आणि रोजचंच काही सांगावं तसं सांगितलं.

"आगं, हे दर वर्षी येतंय. ह्याच दिवसांत. एवढं न्हाय येत, पर येतंय. मीच काढत हुते, तारंनं, हातानं. मग चरबीत हात घालायचा आन उपास बी धरायचा, ते कसं जमायचं? म्हणून कधी धरलाच न्हाय. मन लई हुतं. औंदा तुझ्या मालकानं भिंतीवरनं सांगितलं, अक्का, टाकी बसली, आता एक थेंब बी यायचा न्हाय तुमच्याकडं. म्हटलं, औंदा जमंल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आले तर पंगत रंगलेली. यजमान घामाघूम, खूश. मी पुढच्या दाराशी गेले. जेवत होते त्यांचं जेवण होऊ दिलं, बाहेर उभे होते त्यांना जेवण संपलं म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं. मग यजमानांना अक्कांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग बोलायचं की तिनं! एवढी वर्सं गप का बसायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि सरळ जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर यजमान परसात, गुडघ्यावर. वळशाचा पाईप कापून बाजूला टाकलेला आणि टाकीचा जोड बसवायची खटपट चाललेली, अर्थातच चुकीच्या बाजूनं. मी तो बरोबर करून घेतला. मटण आणायला ते गेले नव्हते, आणि मीही त्यांना आठवण केली नाही.

दुपारी अक्का बस्तीतून आल्या. भिंतीशी मी दगडावर चढून उभी होते, मागं बादली पालथी घालून त्यावर यजमान. अक्कांनी पाणी गाळलं, उकळलं, निवायला ठेवलं. एका घोटाला किती वेळ लागतो ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तांब्या रिकामा करून त्यांनी पालथा ठेवला.

"प्याली?" यजमानांनी कुजबुजत विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"प्याल्या."

ते बादलीवरून उतरले. माझा अंदाज होता की आता शटर उघडू का म्हणून विचारतील, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार. सुगीचे दिवस, अक्कांचा निम्मा उपास अजून बाकी, तोवर चूल बंद ठेवायची म्हणजे भांडण होणारच होतं.

तेवढ्यात पुढचं शटर कुणी तरी थडाथडा वाजवलं. यजमान गेले, शटर हातभर वर केलं आणि वाकून बघितलं. नेहमीची गिऱ्हाइकं होती, चार-पाच जण, भुकेली. "मालक, बंद का? आज तर खरा दिवस हाय!"

"न्हाय पावणं, पुढच्या आठवड्यात या," यजमान म्हणाले. "आमच्या घरात उपास हाय."